नाव देण्याचा अधिकार

बहादरपुराच्या काळ्या जमिनीखाली ज्वालामुखीचा काळा पाषाण आहे. त्यात सागरी कवचे शोधणे व्यर्थ. परंतु आपली तापी सुरतेकडे उतरते, तेथे त्याच पाषाणावर चुनखडीचे थर आहेत आणि त्यांत नाण्यांसारखी चपटी, वाटोळी कवचे सापडतात. ब्लॅनफर्ड यांनी १८६९ साली तापी व खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांचे भूवर्णन लिहिले, त्यात या थरांची नोंद आहे.

ही कवचे फोरॅमिनिफेरा या एकपेशीय सागरी जीवांची. लामार्कने १८०१ मध्ये त्यांच्या प्रजातीस 'न्युम्युलाइटीज', म्हणजे छोटी नाणी, हे नाव दिले. त्यापूर्वी कित्येक शतके स्ट्रेबोने पिरॅमिडांजवळ असेच खडे पाहिले होते. ती मजुरांच्या अन्नातली दगड झालेली मसूर, अशी लोकवार्ता त्याने नोंदवली आहे.

प्रजाती निसर्गात असते, की ती आपण ठरवतो? एकाच थरात मोठी आणि छोटी अशी दोन प्रकारची कवचे मिळत. मोठ्यातला पहिला कप्पा अगदी बारीक, तर छोट्यातला ठसठशीत. अभ्यासकांनी त्यांना दोन जाती मानून दोन नावे दिली. १८८० च्या सुमारास मुनिए-शाल्मा यांनी ही जोडी एकाच जातीची असल्याचे सुचवले. पुढे जिवंत फोरॅमिनिफेरांवरून कळले, की या एकाआड एक येणाऱ्या पिढ्या आहेत. थोडक्यात, आई आणि लेकराला आपण निरनिराळी आडनावे लावली होती. यात कोणी डोळेझाक केली नव्हती. वर्णन खरे होते, फक्त नाव घाईचे होते.

म्हणूनच आम्हांस हेन्री कार्टर यांच्याविषयी आदर वाटतो. मुंबईत कंपनीच्या चाकरीतले हे डॉक्टर. १८५२-५३ च्या सुमारास त्यांनी अरबस्तानच्या किनाऱ्यावरील ऑपर्क्युलिना आणि सिंधमधील मोठी जीवाश्म कवचे आतून तपासून त्यांचे कप्पे व सूक्ष्म नलिका वर्णिल्या. नावे बदलली, तरी असे वर्णन उपयोगी पडते.

या घराण्यातली 'व्हेनोसस' नावाची जात आजही उबदार समुद्रांत जगते. काही जण तिला न्युम्युलाइटीजमध्ये ठेवतात, काही दुसऱ्या प्रजातीत. २००३ साली आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासाने दाखवले, की या कुळात कवचाचे सारखे आकार स्वतंत्रपणेही घडले आहेत. म्हणजे चेहरा जुळला म्हणून नाते जुळतेच असे नाही.

आपल्यासारख्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. पुण्याचा पाहुणा आपल्या बोलीला हिंदी म्हणतो, भोपाळचा पाहुणा तिलाच मराठी म्हणतो. दोघेही कानांनी जे ऐकले तेच सांगतात. त्यांचे ऐकणे आम्ही नाकारीत नाही. मात्र नाव देणाऱ्याने पुरावा समोर ठेवावा, एवढी अपेक्षा आम्ही करतो. जीवशास्त्रात नव्या जातीला नाव देताना मूळ नमुना जपून ठेवण्याचा दंडक आहे. ज्याला ते नाव मान्य नसेल, त्याने तो नमुना बाहेर काढून पुन्हा पाहावा.