म्हातारीच्या केसांवर आळ

सोलापूर,
२७ जानेवारी

चि. सौ. रेवती हिस,


फोनवर तू इतकी घाईत होतीस की माझं बोलणं अर्ध्यावरच राहिलं, म्हणून हे पत्र. गड्ड्याच्या जत्रेहून परतल्यावर तुझ्या ईशानच्या अंगावर पित्त उठलं आणि तेव्हापासून तू घरात रंगाचं नाव काढू देत नाहीस, असं ताईकडून कळलं. वाढदिवसाचा केक बंद, जेली बंद, शाळेत कुणी दिलेली गोळीसुद्धा काढून घेतलीस म्हणे. तिथं होम मैदानावर खाल्लेले गुलाबी म्हातारीचे केस, म्हणजे कापूसमिठाई, हेच कारण, असा तुझा निकाल. असेलही. पण मी जन्मभर औषधाच्या काउंटरमागे उभी होते, त्या अधिकारानं सांगते, निकाल जरा लवकर लागलाय.

तुझ्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. एक, खाण्यात घालूच नये असा रंग. दुसरी, कायद्यानं चालतो पण एखाद्याला सोसत नाही असा रंग. पहिल्या बाबतीत तुझा राग शंभर टक्के बरोबर आहे. तिथं ईशानला काही झालं की नाही हे बघायचीही गरज नाही. रोडामाइन-बी नावाचा गुलाबी रंग कापड, कागद, कातडं रंगवायला वापरतात. आपल्या पूर्व भागात, कापड रंगवणाऱ्यांच्या वस्तीत, वाढलेल्या माणसाला हा रंग ओळखायला शिकवावं लागत नाही. बोटांना लागला की साबणानं निघत नाही, उन्हात धरला की आतून पेटल्यासारखा चकाकतो. २०२४ च्या फेब्रुवारीत कापूसमिठाईत तो सापडला म्हणून तमिळनाडूनं तिच्या विक्रीवर बंदी घातली. मार्चच्या ११ तारखेला आपल्या शेजारच्या कर्नाटकानं गोबी मंच्युरियन आणि कापूसमिठाईतल्या अशा रंगांवर बंदी आणली. तिथं मंच्युरियनचे १७१ नमुने तपासले, त्यातले १०७ असुरक्षित निघाले. कापूसमिठाईचे २५ पैकी १५. त्याच वर्षी जानेवारीत गोव्यात म्हापसा पालिकेनं गोबी मंच्युरियनच्या गाड्यांवरच बंदी घातली होती, तिथंही तक्रार रंगाची आणि अस्वच्छतेची. विजापूर, कलबुर्गी आपल्याला लागूनच आहेत, तेव्हा हे लांबचं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. पांढरी कापूसमिठाई मागितली तर काही गाड्यांवर मिळते. तीच घ्यायची. आणि तिखट, हळद, डाळ यांत तर कुठलाच कृत्रिम रंग चालत नाही, अगदी परवानगीचासुद्धा नाही.

आता दुसरी बाब. आपल्याकडे आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. पिवळे-केशरी दोन, टार्ट्राझिन आणि सनसेट यलो. लाल तीन, कार्मोइसिन, पाँसो ४ आर, एरिथ्रोसिन. निळे दोन आणि हिरवा एक. तेही ठरावीक पदार्थांतच, आणि सर्वसाधारण मर्यादा एका किलोला शंभर मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलो बुंदीला एक ग्रॅम! आपला आचारी चमच्याच्या टोकानं डबीतून रंग काढतो ते आठव, आणि मग सांग एक ग्रॅम किती असतो ते. तराजू कुणाकडेच नसतो. रंग परवानगीचा असला तरी हात परवानगीचा असेलच असं नाही, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे.

पण म्हणून हे रंग सर्रास अंगावर उठतात, असं नाही. टार्ट्राझिनचंच बघ, सगळ्यात बदनाम तोच. त्यानं पित्त उठण्याचं प्रमाण दहा हजारांत एकापेक्षाही कमी असावं, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा अंदाज आहे. तरी तो रंग पाकिटावर नावानिशी लिहायला त्यांनी भाग पाडलंय, कारण ज्या एकाला होतं त्याला कळायला हवं. शिवाय शेंगदाण्याची किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी जशी असते तशी ही सहसा नसते. शरीर रंगाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करत नाही, तरी गांधी मात्र तशाच उठतात. म्हणूनच त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीत बहुधा काही सापडत नाही. आणि ते तू विचारत होतीस ना, दोनशे पदार्थांची ‘असहिष्णुता’ एका रक्ततपासणीत सांगणारं पॅकेज? त्यात मोजतात ती आयजीजी नावाची प्रतिपिंडं. तुम्ही जे खाता त्याची ती नुसती नोंद असते, आजाराची नव्हे. युरोप-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ती चाचणी करू नका असं स्पष्ट सांगितलंय. जावईबापूंचे पैसे वाचव.

मग ईशानला कशानं झालं? मला विचारशील तर पहिला संशय सर्दीवर. लहान मुलांच्या अंगावर एकदम पित्त उठतं त्यात विषाणूचा ताप-पडसं हे फार नेहमीचं कारण. ईशान इथं आला तेव्हा नाक ओढत होता, हे तूच सांगितलंस. त्यात थंडी, धूळ, रात्री उशिरापर्यंत पाळण्यात बसणं. आणि त्या संध्याकाळी त्यानं एकट्या कापूसमिठाईवर भागवलं नव्हतं. काजूकतली झाली, आइस्क्रीम झालं, भजी झाली. काजू, दूध हे अ‍ॅलर्जीतले जुने गुन्हेगार, त्यांच्याकडे कुणी बघतच नाही, कारण ते रंगीत नसतात. खरी अन्नाची अ‍ॅलर्जी बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते. रंगाच्या बाबतीत कधी कधी उशीरही होतो, तेव्हा नुसत्या घड्याळावरून सोडूनही देऊ नकोस.

म्हणून एक वही कर. काय खाल्लं, किती वाजता, अंगावर कधी उठलं, किती वेळ राहिलं, त्या दिवशी ताप-सर्दी होती का, कुठलं औषध चालू होतं. पुन्हा उठलं तर फोटो काढून ठेव, कारण डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत गांधी हमखास बसलेल्या असतात. पाकिटावर ‘परमिटेड सिंथेटिक फूड कलर’ असा शेरा असतो, त्याच्याजवळचे आकडे वहीत उतरव. १०२ म्हणजे टार्ट्राझिन, ११० सनसेट यलो, १२२ कार्मोइसिन, १२४ पाँसो. दोन-तीन वेळा तोच आकडा आला तर वही घेऊन अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जा. ते काही आठवडे रंग बंद करायला सांगतील आणि मग पुन्हा, त्यांच्या देखरेखीखाली, थोडा देऊन बघतील. हे दुसरं पाऊल लोक गाळतात आणि पोर वर्षानुवर्षं उगाच उपाशी नजरेनं दुसऱ्याच्या ताटाकडे बघत राहतं. घरी हा प्रयोग करायचा नाही.

आणि हे ठळक अक्षरात लिहिलंय असं समज: ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, उलट्यांवर उलट्या झाल्या, पोर गळून गेलं, तर आमसुलाचं पाणी लावत बसायचं नाही, गोळीचा गुण येण्याची वाट बघायची नाही. थेट दवाखाना. तिथं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, ते काम दुसऱ्या औषधानं होत नाही.

रंगानं मुलं चेकाळतात, हा तुझा दुसरा मुद्दा. तो अगदीच हवेतला नाही. २००७ साली इंग्लंडात साउदम्प्टनला तीन वर्षांची आणि आठ-नऊ वर्षांची मिळून २९७ मुलं घेऊन तपासणी झाली. रंगांचं मिश्रण आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय प्यायल्यावर त्यांची चंचलता थोडी वाढलेली दिसली. थोडी, आणि सगळ्यांची नाही. बेंझोएट सोबत असल्यानं दोष एकट्या रंगाच्या माथीही मारता येत नाही. तरी युरोपनं २०१० पासून त्यातल्या सहा रंगांवर तसा इशारा छापायला लावला. आपल्याकडच्या पुड्यावर ती ओळ सहसा दिसणार नाही. माझं मत विचारशील तर रोजच्या डब्यात रंगीत काही नको, सणावाराला चालेल.

‘नैसर्गिक रंग’ लिहिलं की निर्धास्त व्हायचं, हेही खरं नाही. कोचिनियल किड्यापासून काढलेला लाल रंग आणि लोण्याला पिवळेपणा देणारा अ‍ॅनाटो, या दोहोंनी खरीखुरी, जीवघेणी अ‍ॅलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत.

तुझ्या सासूबाईंचं मात्र वेगळं आहे. महिनोन्‌महिने गांधी उठताहेत आणि त्या जिलेबीला बोल लावताहेत. मोठ्या माणसांत असं चिवट पित्त बहुतेक वेळा खाण्यामुळे नसतंच. त्या गुडघ्यासाठी कुठली वेदनाशामक गोळी घेतात ते आधी विचार. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्या असं पित्त भडकवतात, आणि ते जिलेबीपेक्षा कितीतरी जास्त वेळा घडतं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

औषधांचंच निघालं तर, ईशानला दिलेल्या सिरपचा रंग कोणता होता? मुलांच्या कित्येक पातळ औषधांत तेच सनसेट यलो, तेच कार्मोइसिन असतं, खाज थांबवायच्या औषधातसुद्धा. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बिनरंगी मिळतं, मागितल्याशिवाय कुणी काढून देत नाही.

तुझी,
मावशी

ता. क. ताईसोबत शेंगाचटणीचा डबा पाठवलाय. लाल रंग निव्वळ मिरचीचा आहे, मी समोर उभी राहून कुटून घेतलीय. ईशान शेंगदाणे पहिल्यापासून खातो, तेव्हा त्यालाही दे की दह्यात कालवून.