सेवकाच्या सेवेचें माप

मंडळीचा एखादा जुना सेवक कामांतून निवृत्त होतो, तेव्हां आपण एकत्र जमतों, त्याच्या गळ्यांत हार घालतों व मानपत्र वाचतों. त्यांत सेवेचीं वर्षें, दिलेले बाप्तिस्मे, बांधलेलीं मंदिरें ह्यांची मोजदाद असते. हें योग्यच आहे; सेवकाचे श्रम विसरणारी मंडळी कृतघ्न होय. तथापि सेवा मोजण्याचें खरें माप कोणतें, हा प्रश्न आम्हांस वारंवार पडतो.

सैन्यांतील पाळक, ज्यांस चॅप्लेन म्हणतात, त्यांच्याविषयीं हा प्रश्न अधिकच कठीण होतो. अंगावर सरकारचा गणवेश, हुद्दाही सरकारचा. परंतु हातांत शस्त्र नाहीं. शिपाई किती लढाया लढला हें सांगतां येतें. पण मरणाऱ्याच्या उशाशीं बसून केलेली प्रार्थना कोणत्या वहींत लिहावी? ह्या बाबतींत हेन्री गेरेके ह्या अमेरिकन पाळकाचें चरित्र विचार करण्याजोगें आहे.

गेरेके ह्यांचा जन्म १८९३ सालीं मिसूरी प्रांतांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. लूथरन मंडळीचे पाळक झाल्यावर त्यांनीं सेंट लुईस शहरांतील तुरुंगांत व इस्पितळांत पुष्कळ वर्षें काम केलें. १९४३ सालीं, वयाचीं पन्नास वर्षें भरत आलीं असतां, ते सैन्यांत पाळक म्हणून दाखल झाले. युद्ध संपल्यावर म्युनिक शहराजवळील डाखाउ येथील छळछावणी त्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिली.

त्याच वर्षीं, म्हणजे १९४५ च्या नोव्हेंबर महिन्यांत, न्यूरेंबर्ग येथें चार विजयी राष्ट्रांचें न्यायासन बसलें. सुमारें साठ लाख यहूद्यांचा संहार ज्या सत्तेनें केला, तिचे पुढारी तेथें कैदेंत होते. एकवीस कैद्यांपैकीं पंधरा जण प्रॉटेस्टंट घराण्यांतले होते. बाकीचे सहा सिक्सटस ओकॉनर ह्या रोमन कॅथलिक धर्मगुरूंकडे होते. गेरेके ह्यांस जर्मन भाषा येत होती व तुरुंगांतील कामाचा अनुभव होता. म्हणून ह्या पंधरांचे पाळक होण्याविषयीं त्यांस विचारण्यांत आलें. इच्छा नसल्यास घरीं जाण्याची मोकळीक होती. पत्नीची भेट होऊन दोन वर्षांवर काळ लोटला होता. त्यांनीं प्रार्थना केली, आणि घरची वाट सोडून तुरुंगाची वाट धरिली.

पहिल्या भेटींत त्यांनीं कैद्यांपुढें आपला हात केला. ह्या एका गोष्टीबद्दल त्यांस पुढें दोष सोसावा लागला. आमच्या वाचकांपैकींही कित्येक विचारतील कीं, ज्यांचे हात एवढ्या रक्तानें माखले, त्यांचा हात हातीं घेणें म्हणजे मेलेल्यांचा अपमान नव्हे काय? हा आक्षेप हलका नाहीं. ज्यांचीं लेंकरें मारलीं गेलीं, त्यांच्या वतीनें क्षमा करण्याचा अधिकार कोणाही पाळकास नाहीं. गेरेके ह्यांनीं तो घेतलाही नाहीं. न्यायासनानें आपलें काम केलें आणि दोर आपल्या जागीं राहिला. प्रभूच्या शेजारीं खिळलेल्या पश्चात्तापी चोराची शिक्षा तरी कोठें टळली? परंतु शिक्षा चालू असतांच त्याच्यासाठीं दार उघडलें. न्यायाधीशाचें काम निराळें व मेंढपाळाचें निराळें. एकानें दुसऱ्याचें काम अडवूं नये.

मात्र हें दार गेरेके ह्यांनीं स्वस्त केलें नाहीं. हेरमान गोअरिंग उपासनेस येत असे, गीतेंही गात असे. फांशीच्या आदल्या रात्रीं त्यानें प्रभुभोजन मागितलें. परंतु ख्रिस्त आपला तारणारा आहे असें मानावयास तो तयार नव्हता. तेव्हां गेरेके ह्यांनीं भाकर दिली नाहीं. त्याच रात्रीं, १५ ऑक्टोबर १९४६ रोजीं, गोअरिंगनें विष घेतलें. मध्यरात्रीनंतर दहा जणांस फांशी देण्यांत आली; रिबेनट्रॉप व कायटेल ह्यांच्याबरोबर गेरेके शेवटच्या पायरीपर्यंत प्रार्थना करीत गेले. गोअरिंगविषयीं आपल्याकडून चूक झाली असल्यास क्षमा व्हावी, असें त्यांनीं पुढें लिहिलें. ज्या सेवकास आपल्या नकाराचेंही ओझें वाटतें, तोच नकार देण्यास योग्य होय, असें आम्हांस वाटतें.

खटला चालू असतां ते घरीं परतणार अशी वार्ता उठली, तेव्हां कैद्यांनीं त्यांच्या पत्नीस पत्र लिहून विनंती केली कीं, त्यांस आम्हांपाशीं राहूं द्यावें. जगाच्या दृष्टीनें ह्या मानपत्राखालीं नीच सह्या होत्या. पण ह्याहून मोठें मानपत्र कोणत्या पाळकास मिळालें असेल?

१९५० सालीं गेरेके ह्यांनीं गणवेश उतरविला. मग विश्रांति घेतली काय? इलिनॉय प्रांतांतील चेस्टर गांवीं ते पाळक झाले व तेथील मेनार्ड तुरुंगांतील कैद्यांची सेवा करूं लागले. १९६१ सालीं मरण येईपर्यंत तें काम त्यांनीं सोडलें नाहीं. हुद्दा सरकारनें दिला होता, तो सरकारकडे परत गेला; पाचारण प्रभूचें होतें, तें राहिलें.

प्रिय उपदेशक बंधूंनो, न्यूरेंबर्ग आपल्यापासून फार दूर आहे, पण तो प्रश्न आपल्या वेशींत उभा आहे. ज्यानें आपल्या आईबापांस विहिरीवर पाणी भरूं दिलें नाहीं, तो म्हातारा उद्यां खाटेवर पडेल आणि कोणी येऊन म्हणेल, "पाळकसाहेब, ते तुम्हांस बोलावतात." त्या वेळीं आपण काय करूं? त्याचें पाप लहान होतें असें खोटें बोलूं नये. आपल्या लोकांचें दुःख विसरूंही नये. परंतु जावें, पुढें हात करावा, आणि सत्य व कृपा हीं दोन्ही त्याच्या उशाशीं ठेवावीं.

म्हणून एखादा सेवक निवृत्त होईल तेव्हां हार अवश्य घाला, वर्षेंही मोजा. पण मानपत्रांत एक ओळ अधिक लिहितां येईल काय, हें पाहा: जेथें जाण्यास कोणी तयार नव्हतें, तेथें हा गेला. आणि आम्ही जे अजून सेवेंत आहों, त्या आम्हीं स्वतःस विचारावें कीं, आमच्याविषयीं ती ओळ कोणास खरेपणानें लिहितां येईल काय?