झाडं मोजता येतात, माती?

‘एक झाड तोडलं तर बदल्यात पाच लावू.’ हे वाक्य ऐकलं की मला पहिला प्रश्न पडतो, बदल्यात म्हणजे नेमकं कशाच्या?

मी दहिसरला राहते. आमच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथं ऐन, कुसुम, पळस, काटेसावर, बांबू सगळे एकत्र वाढतात. त्यांची पानं वेगवेगळ्या वेळी गळतात. काही एका पावसाळ्यात कुजतात, काही चिवटपणे टिकतात. बुरशी, वाळवी, गांडुळं त्यांची माती करत राहतात. फॉस्फरस, कॅल्शियम थोडं थोडं सुटतं आणि कमी-अधिक खोलीवरची मुळं ते पकडतात. दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या उतारावर ही पकड सुटली, तर सगळं नदीत जातं.

लागवडीचं गणित वेगळं. महाराष्ट्रात १९७४ साली वनविकास महामंडळ आलं आणि कितीतरी मिश्र जंगलांच्या जागी सागाच्या रांगा उभ्या राहिल्या. सागाच्या रुंद पानांवर पाणी साठून मोठे थेंब पडतात. खाली झुडपं-पाचोळा नसेल तर माती उखडते. तोडणी झाली की लाकडासोबत त्यातली पोषकद्रव्यंही ट्रकमध्ये चढतात. जंगलात मेलेलं झाड मात्र जागेवरच कुजतं.

सगळ्या लागवडी सारख्या नसतात, हे खरं. आपल्याकडे सर्रास लावलेलं गिरिपुष्प मातीत नत्र वाढवतं. ओसाड माळावर लावलेलं झाडही मातीचं भलंच करतं. पण जंगल काढून लागवड केली तर? २००२ साली गुओ आणि गिफर्ड यांनी जगभरातल्या ७४ शोधनिबंधांतली आकडेवारी एकत्र तपासली. अशा बदलात मातीतला कार्बन सरासरी १३ टक्क्यांनी घटलेला दिसला. हा कार्बन म्हणजे मुख्यतः कुजलेला पालापाचोळा, पोषकद्रव्यं धरून ठेवणारा.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये आरेत मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांहून जास्त झाडं तुटली, तेव्हा बरीचशी चर्चा आकड्यांतच झाली. किती तोडली, किती लावली. पर्यायी वनीकरणाच्या निधीसाठी तर २०१६ पासून स्वतंत्र कायदा आहे. झाडं मोजता येतात, म्हणून हिशेबात येतात. माती त्या हिशेबात नसतेच.

मग मेट्रो नको का? मी रोज दहिसरहून मेट्रोनंच जाते. शहराला कधीकधी घ्यावं लागतं, हे मला मान्य आहे. पण गरज घेण्याचं कारण देऊ शकते; ‘परत केलं’ म्हणण्याचा अधिकार देत नाही. भरपाई हा शब्द म्हणूनच मला खटकतो. तो नुकसान भरून काढत नाही, फक्त मनावरचं ओझं उतरवतो. आणि ओझंच उरलं नाही, तर पुढच्या वेळी हात आखडता घेणार कोण?

‘हे आम्ही घेतलं, आणि आमच्या हयातीत ते परत येणार नाही’ असं म्हणणं जड जातं. पण तसं म्हणणारा माणूसच कुऱ्हाड उचलण्याआधी विचारेल, याशिवाय भागणार नाही का?