वेग कोणाचा?

रेलून चालवायच्या सायकलवर फायबरचे निमुळते कवच चढवले की वाऱ्याचा अडथळा कमालीचा घटतो. वेग दुप्पट करायचा तर वाऱ्यावर मात करायला आठपट शक्ती लागते. म्हणून इथे आकार निर्णायक. २०१६ मध्ये टॉड राइकर्ट यांनी अमेरिकेतल्या नेवाडात अशाच सायकलवर ताशी १४४ किलोमीटर वेग गाठला. तो माणसाचा की कवचाचा?

१९३३ मध्ये फ्रान्सिस फोर यांनी रेलून चालवत तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम मोडला, आणि पुढच्याच वर्षी सायकलिंगच्या जागतिक संघटनेने अशा सायकली बाद केल्या. श्रेय वाटण्यात गीतेचा अठरावा अध्याय अधिक न्याय्य आहे: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा, दैव ही कर्माची पाच कारणे. करण म्हणजे साधन; भाष्यकार त्यात इंद्रिये धरतात. हत्यारेही धरायला हवीत. कराडहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरची किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत याची साक्ष देते. ती १९१० मध्ये वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली. हाताइतकेच श्रेय तिथे साच्याला आणि लेथलाही आहे.

दैवालाही जागा आहेच. वेगाच्या विक्रमाच्या नियमांत ताशी सुमारे ६ किलोमीटरपर्यंतचा वारा चालतो; तो पाठीशी असणे हे नशीबच.