काठी आणि हात

शास्त्रपाठ : २ राजे ४:१८-३७



२९ ऑक्टोबर २०२१ रोजी बंगळूर येथे कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने निवर्तले. व्यायामाने कसलेले ते शरीर होते. पुढे कर्नाटक शासनाने त्यांच्या नावाने हृदयज्योती योजना आरंभिली. त्याच शहरातील काही वसाहतींत सामान्य शेजारीही छातीवर दाब देण्याचे व विजेचा झटका देणारे यंत्र लावण्याचे शिक्षण घेत आहेत. हे यंत्र बोलून सूचना देते, हृदयाची लय तपासते व गरज नसल्यास झटका देतच नाही. मात्र हृदय एकाएकी बंद पडल्यावर, झटक्यावाचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका गर्दीत अडकते. शेजारी भिंतीपलीकडे असतो.

शूनेमकरिणीचा मुलगा तिच्या मांडीवर मरण पावला. अलीशाने गेहजीला आपली काठी देऊन पुढे पाठवले. वाटेत कोणाला सलामही करू नकोस, अशी ताकीद दिली. गेहजीने काठी मुलाच्या मुखावर ठेवली आणि काही होईना म्हणून तो परत फिरला. त्याने आज्ञा मोडली नाही. पण तो काठीच्या अंतरावरच राहिला.

अलीशाने दार लावून प्रथम प्रार्थना केली. मग मुखाला मुख, डोळ्यांना डोळे, हातांना हात लावून तो मुलावर ओणवला. येथील इब्री क्रियापद 'गाहर' जुन्या करारात अन्यत्र एकदाच येते : कर्मेल डोंगरावर एलीया भूमीपर्यंत लवतो तेव्हा (१ राजे १८:४२). प्रार्थनेत लवणे आणि निष्प्राण देहावर लवणे यांना शास्त्र एकच शब्द योजते. मराठीत तो एका शब्दात उतरत नाही.

या उताऱ्यात आजचे वैद्यकशास्त्र शोधणारे प्रवचनकार मला पटत नाहीत. तो देवाचा चमत्कार आहे. छातीवर दाब देण्याची पद्धत जगापुढे आली ती १९६० साली. परंतु प्रेतस्पर्शाने सात दिवसांचा विटाळ होई (गणना १९:११), हे ठाऊक असूनही संदेष्ट्याने हात लावला. आपला विटाळ निराळा आहे : परकी स्त्री आहे, लोक काय म्हणतील, बरेवाईट झाले तर आळ आपल्यावर येईल!

मुलाचे अंग ऊबदार झाले, तरी डोळे उघडले नाहीत. अलीशाने घरात येरझारा घातल्या व तो पुन्हा ओणवला. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देणारा माणूस दोन मिनिटांत थकतो; दुसऱ्याला त्याची जागा घ्यावी लागते. येत्या रविवारी उपासनेत कोणी बाकावरून कोसळले, तर पहिले दोन हात कोणाचे आणि त्यानंतरचे कोणाचे, हे आपल्या मंडळीच्या वडिलांनी नावानिशी ठरवावे.