स्वस्त लाकडाची खरी किंमत



आपल्या गायनमंडळाची जुनी गिटार गेल्या दोन पावसाळ्यांत फुगली, तिची मान वाकली आणि पाठीचा सांधा उकलला. नवी घ्यायचे ठरले. आपल्याच धर्मग्रामातील एक तरुण वडिलांच्या सुतारकामाच्या गाळ्यात स्वतःच्या हाताने गिटारी बनवतो, हे कळल्यावर आम्हांला आनंद झाला. आम्ही त्याला बोलावून सांगितले, "तूच बनव. पण देवळाचे काम आहे, भावाचे जरा बघ." "बघतो, फादर," म्हणून तो गेला.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला. "फादर, कन्फेशन नाही, नुसतं विचारायचंय. एक एजंट निम्म्या भावात आबनूस देतोय. बिल नाही, कागद नाही. पण झाड तर कधीच तोडलेलं आहे. मी नाही घेतलं तर दुसरा कोणी घेईल. आणि ते चोरीचंच आहे हे मला कुठं ठाऊक आहे? यात पाप आहे का?"

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, त्याची पदवीही घेतली. तरी त्या संध्याकाळी आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. हा प्रश्न एका गिटारीपुरता नाही, खरेदी करणाऱ्या प्रत्येकाचा आहे. म्हणून त्यावर केलेला विचार आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

प्रथम गिटारीला लागते काय, ते पाहू. तिची पुढची फळी बहुधा स्प्रूसची असते. सिटका स्प्रूस नावाचे झाड उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, थेट अलास्कापर्यंत वाढते. एकच फळी चिरून तिचे दोन पातळ भाग पुस्तकाच्या पानांसारखे उघडतात आणि मधोमध जोडतात. प्रत्येक भाग सुमारे आठ इंच रुंद आणि सरळ रेषांचा हवा. म्हणून खोड जाड, म्हणजेच जुने लागते. मानेला महोगनी, पाठीला आणि बाजूंना शिसव, आणि बोटे फिरतात त्या पट्टीला काळाभोर आबनूस, अशी जुनी रीत आहे. म्हणजे एका लहानशा वाद्यात तीन-चार खंडांची जंगले एकत्र येतात.

आता खर्च बघा. परदेशातून फळ्या मागवल्या तर लाकडाची किंमत ही नुसती सुरुवात असते. पुढे जहाजाचे भाडे, आयातशुल्क आणि क्लिअरिंग एजंटचे पैसे येतात. लाकडाबरोबर कीड येऊ नये म्हणून २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे धुरी दिल्याचे दाखले लागतात. न्हावाशेव्याला पेटी अडकली तर गोदामाचे भाडे रोज चढत जाते. कंटेनर भरून मागवणाऱ्या कारखान्याला हा खर्च हजारो फळ्यांवर वाटता येतो. दहा फळ्या मागवणाऱ्या कारागिराच्या डोक्यावर तो सगळाच्या सगळा बसतो. शिवाय आलेल्या फळ्यांपैकी काही आपल्या दमट हवेत वाकतात, काही चिरतात. त्यामुळे "निम्म्या भावात देतो" हे शब्द त्या तरुणाच्या कानाला किती गोड लागले असतील, हे समजण्यासारखे आहे.

आता त्याच्या तीन वाक्यांकडे वळू. ती आपणही रोज वेगवेगळ्या दुकानांत मनात म्हणत असतो.

पहिले वाक्य, "झाड तर कधीच तोडलेले आहे." हे खरे आहे. पण आज मोजलेला पैसा त्या झाडाकडे परत जात नाही, तो पुढच्या झाडाकडे जातो. हा माल खपतो हे कळले की जंगलात कुऱ्हाड पुन्हा उचलली जाते. खरेदी म्हणजे झालेल्या गोष्टीची किंमत चुकवणे आणि तीच गोष्ट पुन्हा करायला सांगणे, दोन्ही एकाच वेळी.

दुसरे वाक्य, "मी नाही घेतले तर दुसरा घेईल." दुसरा घेईलही. पण दुसऱ्याच्या कृतीचा हिशेब त्याच्याकडे आणि आपल्या कृतीचा आपल्याकडे. नीतिशास्त्रात वाईट कामातील सहभागाचे दोन प्रकार मानतात. एक जण ते वाईट व्हावे अशीच इच्छा धरतो. दुसऱ्याची तशी इच्छा नसते, पण त्याच्या हातून त्या कामाला मदत होते. या दुसऱ्याला सरसकट दोषी धरत नाहीत. त्याची मदत किती जवळची होती आणि त्याची गरज किती मोठी होती, हे तपासावे लागते. दुकानातून जुनी गिटार विकत घेणारा जंगलतोडीपासून फार लांब असतो. बिनकागदाचे आबनूस थेट एजंटच्या हातून घेणारा तितका लांब नसतो.

तिसरे वाक्य सर्वांत फसवे आहे. "ते चोरीचे आहे हे मला कुठे ठाऊक आहे?" संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचा विचार फार बारकाईने केला आहे. प्रयत्न करूनही जे कळले नसते, ते अज्ञान माणसाला दोषमुक्त करते. पण कळले तर अडचण होईल म्हणून जे मुद्दाम राखलेले असते, ते करत नाही. निम्मा भाव हाच एक मोठा प्रश्न आहे. तो विचारायचा नाही असे ठरवणे, हासुद्धा एक निर्णयच आहे.

हे अज्ञान कुठपर्यंत नेते, याचे उदाहरण मादागास्कर बेटावर घडले. २००९ साली तेथील सरकार उलथले आणि त्या गोंधळात मासोआला आणि मारोजेजी या राष्ट्रीय उद्यानांत शिसवाची बेसुमार लूट झाली. त्याच वर्षी मादागास्करच्या आबनुसाच्या चौकशीत अमेरिकेतील गिब्सन या नामवंत गिटार कंपनीवर छापा पडला. २०११ मध्ये पुन्हा छापा पडला, तो भारतातून आलेल्या लाकडावरून. २०१२ मध्ये कंपनीने तीन लाख डॉलरचा दंड मान्य केला आणि मादागास्करच्या लाकडावरचा हक्क सोडला. भारतातील लाकूड मात्र तिला परत मिळाले, कारण त्याच्या वर्गवारीचे नियमच स्पष्ट नव्हते. यातून दोन्ही बाजू दिसतात. कागदात संदिग्धता असली म्हणून माल चोरीचा ठरत नाही, आणि कागद हाती आला म्हणून विवेकाचे काम संपत नाही.

आपल्या घरातल्या शिसवी कपाटाचाही या गोष्टीशी संबंध आहे. पूर्वी उत्तम गिटारींना ब्राझीलचा शिसव वापरत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवणे थांबवले, तेव्हा अमेरिकेतील मार्टिन कंपनी १९६९ च्या सुमारास भारतीय शिसवाकडे वळली. दुर्मिळ जातींच्या व्यापाराविषयी साइटिस हा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यात १९९२ साली ब्राझीलच्या शिसवाचा व्यापार जवळजवळ बंद करण्यात आला. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या कुळातील उरलेल्या सर्व जातींनाही परवान्याची अट लागली आणि त्याचा फटका आपल्या देशातील लहान कारागिरांनाही बसला. पुढे २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. एक झाड संपत आले की मागणी दुसऱ्या देशातल्या झाडाकडे सरकते, हे यातून ध्यानात येते.

इथे कोणी म्हणेल, "फादर, तुम्हांला बोलायला सोपे आहे." हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. आमच्या मागे संसार नाही, शाळेची फी नाही, गाळ्याचे भाडे नाही. मोठ्या कंपन्या वकील ठेवतात आणि दंड भरून पुन्हा उभ्या राहतात. लहान कारागीर एका चुकीत बसतो. तेव्हा "प्रामाणिक राहा" एवढे त्याला सांगून मोकळे होणे, हे ओझे गरिबाच्या खांद्यावर टाकून स्वतः चांगले म्हणवून घेण्यासारखे आहे. प्रामाणिकपणा परवडेल अशी वाट त्याला दाखवता आली पाहिजे.

बायबलमध्ये वाद्यांसाठी लाकूड परदेशातून आणल्याची एक नोंद आहे. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात हिरामची जहाजे ओफिरहून अल्मुग नावाचे लाकूड आणतात. त्यातून शलमोन राजा मंदिरासाठी आणि राजवाड्यासाठी काम करून घेतो आणि गायकांसाठी वीणा व सारंग्या बनवतो. तसे लाकूड पुढे कधी दिसले नाही, असेही तिथे नमूद आहे. पण हाच ग्रंथ पाचव्या अध्यायात सांगतो, की मंदिराच्या कामासाठी राजाने तीस हजार माणसे वेठीस धरली आणि त्यांना दर महिन्याला दहा हजार, अशा पाळ्यांनी लबानोनात पाठवले. शलमोनाच्या मृत्यूनंतर लोक त्याच्या मुलाकडे एकच मागणे घेऊन गेले. आमच्या मानेवरचे जू हलके कर. त्याने ऐकले नाही आणि राज्य दुभंगले. मंदिर देवाचे होते, संगीत देवासाठी होते. तरीही त्यामागच्या घामाचा हिशेब चुकला नाही. "देवळाचे काम आहे" हे म्हणणे स्वस्ताईची सबब होऊ शकत नाही.

मग वाट कोणती? आम्हांला वाटते, ती भावापाशी सुरू होत नाही, आपल्या हौसेपाशी सुरू होते. हेच लाकूड हवे, असाच रंग हवा, हा आग्रह खरोखर किती गरजेचा आहे?

स्पेनमध्ये आंतोनिओ दे तोरेस या थोर कारागिराने १८६२ साली पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून गिटार बनवली. आवाजाचा खरा भार पुढच्या फळीवर असतो, हे त्याला दाखवायचे होते. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा गिटारी करवून घेतल्या. त्यांत फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा होता. बावन्न वादकांनी त्या अंधूक प्रकाशात, लाकूड न पाहता वाजवल्या. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा, की महागड्या आणि साध्या लाकडांत वादकांना फारसा फरक जाणवला नाही.

आबनुसाची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. अमेरिकेतील टेलर गिटार्स आणि स्पेनमधील एक कंपनी यांनी २०११ मध्ये कॅमेरून देशातील आबनुसाची गिरणी विकत घेतली. तिथे बॉब टेलर यांना तोडणाऱ्यांकडून कळले, की दहा झाडे पाडली तर एखादेच आतून पूर्ण काळे निघते. उरलेल्यांवर तपकिरी पट्टे असतात. बाजारात त्यांना भाव नाही, म्हणून ती जंगलातच कुजायला सोडून देतात. लाकूड तितकेच मजबूत, आवाजही तोच, दोष एवढाच की ते पुरेसे काळे नाही. तेव्हापासून ती कंपनी पट्ट्यांचे आबनूसही वापरू लागली. जंगलाचा हा नाश चोरामुळे होत नव्हता, आमच्या-तुमच्यासारख्यांच्या डोळ्यांच्या आवडीमुळे होत होता.

आपल्याकडेही वाद्यांसाठी जवळचे लाकूड वापरण्याची परंपरा आहे. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. सतारीला तुणाचे लाकूड लागते. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडवत आले आहेत आणि २०२४ मध्ये त्यांच्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. जे बाहेरूनच आणावे लागते, ते चौघांनी मिळून मागवले तर दाखल्यांचा आणि भाड्याचा खर्च वाटला जातो. वसईत १९१८ पासून सहकारी बँक चालवणाऱ्या आपल्या समाजाला ही गोष्ट नव्याने शिकवायला नको.

त्या तरुणाला आम्ही हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि मग म्हणाला, "फादर, पण भाव कमी करायला तुम्हीच सांगितलं होतं ना?"

आम्ही गप्प झालो, कारण ते खरे होते. एजंटचा शोध त्याने हौसेने घेतला नव्हता. आम्ही पाडलेल्या भावात गिटार बसवायची म्हणून घेतला होता. सहभाग किती जवळचा आणि किती लांबचा याचे मोजमाप आम्ही त्याला शिकवत होतो, आणि त्या साखळीची पहिली कडी आमच्याच हातात होती. त्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्ही द्यायला हवे होते आणि अर्धी कबुलीही.

आता गिटार तयार होत आहे. पुढची फळी त्याने आणखी तीन कारागिरांबरोबर, रीतसर कागदांसह मागवली आहे. पाठ आणि बाजू आपल्याच धर्मग्रामातील एका पाडलेल्या घराच्या जुन्या शिसवी कपाटातून निघाल्या आहेत. बोटांच्या पट्टीलाही तोच शिसव आहे, आबनूस नाही. ती काळीभोर दिसणार नाही आणि पाठीवर एका जुन्या बिजागरीच्या खिळ्याची खूण राहणार आहे. ठरल्यापेक्षा काही हजार रुपये जास्त लागतील. ते द्यायचे आम्ही मान्य केले आहे आणि त्याचा हिशेब फलकावर लावू.

बंधुभगिनींनो, या आठवड्यात आपण काहीतरी विकत घेऊच. मासळी असेल, कपडा असेल, घराला दरवाजा असेल. भाव करायला हरकत नाही, तो आपला हक्क आहे. पण समोरचा फारच पटकन "चालेल" म्हणाला, तर हा भाव त्याला कसा परवडतो, एवढे त्याला विचारू या. आणि उत्तर ऐकण्याइतका वेळ थांबू या.

आपला,
धर्मगुरू