कर्त्याची जागा

परकी भाषा शिकणारा मनुष्य तिचे नुसते शब्द उचलतो, की शब्द ज्या क्रमाने मांडावयाचे त्या क्रमाबरोबर जगाकडे पाहण्याची एक निराळी रीतही त्याच्या अंगवळणी पडते? हा प्रश्न वरवर व्याकरणाचा दिसला तरी मुळात तो नीतीचा आहे, असे आम्हांस वाटते. इंग्रजी शाळेत जाऊ लागल्यापासून मुलांच्या तोंडी ‘मी’ फार आला, अशी तक्रार आपल्यातील वडीलधारी माणसे पुष्कळदा करितात. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इंग्रजीच्या अगदी पहिल्या धड्यातच तिला आधार सापडतो.

तो धडा असा, की आधी कर्ता, मग क्रियापद आणि मग कर्म. ‘द प्रीस्ट ब्लेस्ड द बॉय’ म्हणजे पुजाऱ्याने मुलाला आशीर्वाद दिला. मराठीत आपण ‘मुलाला पुजाऱ्याने आशीर्वाद दिला’ असे म्हटले तरी आशीर्वाद देणारा पुजारीच राहतो. फार तर बोलण्यातला भर बदलतो. ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात, आणि शब्द जाईल तेथे त्याच्याबरोबर जातात. इंग्रजीत मात्र दोन शब्दांची अदलाबदल केली की मूलच पुजाऱ्याला आशीर्वाद देऊ लागते! तेथे शब्दाची जागा हीच त्याची विभक्ती. ज्यांनी लहानपणी गुरुजींपुढे बसून श्लोकाचा अन्वय लावला आहे, त्यांना हे चटकन उमगेल. श्लोकात पदे छंदाच्या सोयीने कोठेही बसतात. कर्ता कोणता, कर्म कोणते, क्रिया कोणती असे विचारीत गुरुजी त्यांची रांग लावून घेतात. इंग्रजी वाक्य हे जणू जन्मतःच अन्वय लावलेले वाक्य आहे. फरक एवढाच, की त्यात क्रियापद शेवटी न जाता मध्ये येऊन बसते.

शिवाय आपण नुसते ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हटले तरी कोण येणार हे कळते. बोलणारा पुरुष की स्त्री, हेही कळते. गोव्यात १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळांतून शिकलेल्या पिढीला ठाऊक आहे, की त्या भाषेतही क्रियापदाच्या रूपातच ‘मी’ दडलेला असतो आणि तो निराळा उच्चारावा लागत नाही. इंग्रजी क्रियापदाची अशी रूपे जवळजवळ झिजून गेली. म्हणून तेथे ‘आय’ दर वाक्याच्या दारात उभा. आणि तो लिहावयाचा तोही मोठ्या अक्षरात.

आता भुकेचे वाक्य घ्या. आपण म्हणतो, ‘मला भूक लागली’. भूक ही कोठून तरी येऊन मला लागते. मी तिचा कर्ता नव्हे. कोंकणीत ‘म्हाका’, कन्नडात ‘ननगे’, तेलुगूत ‘नाकु’, गुजरातीत ‘मने’, हिंदीत ‘मुझे’. बेळगावापासून ग्वाल्हेरीपर्यंत कोठल्याही शेजाऱ्याला विचारा, तो भुकेपुढे चतुर्थीतच उभा राहतो. भिन्न कुळांच्या भाषा शेजारशेजारी नांदता नांदता एकमेकींचे वळण घेतात, हे एमेनो या भाषापंडिताने भारताविषयीच्या आपल्या १९५६ च्या लेखात दाखविले. हे वळणही त्याच जातीचे दिसते. इंग्रज मात्र ‘आय ॲम हंग्री’ म्हणून मोकळा होतो.

यावरून कोणी म्हणेल, की आपली वाक्यरचना नम्र आणि त्यांची अहंकारी. हा निष्कर्ष मोठा मोहक आहे, पण तो खोटा आहे. इंग्रजीचाच इतिहास त्याच्या आड येतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला विभक्तिप्रत्यय होते आणि तिचा शब्दक्रमही आजच्यापेक्षा सैल होता. शेक्सपिअरच्या नाटकांत आढळणारा ‘मीथिंक्स’ हा शब्द त्याच काळाचा अवशेष. त्यातला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’, आणि सबंध शब्दाचा अर्थ ‘मला वाटते’. ‘आय लाइक’ मधल्या ‘लाइक’चा मूळ अर्थही ‘आवडणे’ असाच होता. वस्तू मनुष्याला आवडे. पुढे शतकानुशतके प्रत्यय झिजत गेले, ‘मला’ आणि ‘मी’ यांतील भेद दाखविण्याचे काम जागेवर येऊन पडले, आणि पहिल्या जागेवर बसलेला आपोआप कर्ता ठरला. इंग्रज त्या सुमारास अधिक गर्विष्ठ झाला म्हणून काही हे घडले नाही.

मग प्रश्न संपला काय? आम्हांस तसे वाटत नाही, कारण खरी कसोटी भुकेची नसून अपराधाची आहे. मुलाच्या हातून पेला फुटतो. ‘पेला फुटला’ असे तो म्हणतो, आणि त्या वाक्यात मूल कोठेच नसते. इंग्रजी शिकलेला मास्तर यावर म्हणेल, की पाहा, तुमची भाषा जबाबदारी टाळावयास शिकविते. इंग्रजीत ‘आय ब्रोक द ग्लास’ म्हणावे लागते. पण लागत नाही! ‘द ग्लास ब्रोक’ असेही म्हणता येते. आणि कर्मणी प्रयोगात तर कर्त्याला निमूटपणे गाळता येते. ‘चुका झाल्या’ असे सांगून कोणी केल्या ते न सांगण्याची सोय राज्यकर्त्यांना जितकी मराठीत आहे, तितकीच इंग्रजीतही आहे. उलट आपल्याकडे ‘मी पेला फोडला’ हे जसे आहे तसेच ‘माझ्या हातून पेला फुटला’ हेही आहे. हे तिसरे वाक्य आम्हांस फार मोलाचे वाटते. त्यात हेतू नाकारला आहे, पण हात नाकारलेला नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. कर्ता हे त्यांतले एक, आणि दैव हे पाचवे. कर्त्याला एकट्याला सगळे श्रेय नाही. पण यादीतून त्याचे नावही वगळलेले नाही.

संकल्पाचा क्रम आठवून पाहावा. आधी कल्प, मन्वंतर, युग. मग देश, संवत्सर, अयन, मास, तिथी. मग गोत्र आणि नाव. आणि सर्वांच्या शेवटी ‘करिष्ये’. एवढ्या मोठ्या काळाच्या आणि भूमीच्या मागून यजमान येतो, पण येतो तो क्रियेचा भार उचलूनच. आणि हे रूप आत्मनेपदी आहे. क्रियेचे फळ करणाऱ्याकडे जाते तेव्हा आत्मनेपद, हा पाणिनीचा नियम. यजमान स्वतःसाठी यज्ञ करितो म्हणून ‘यजते’, ऋत्विज दुसऱ्यासाठी करितो म्हणून ‘यजति’. कोणी केले याबरोबरच कोणासाठी केले, हेही येथे क्रियापदच सांगते. ही सोय आज इंग्रजीत नाही, आणि खरे बोलावयाचे तर मराठीतही राहिलेली नाही.

तेव्हा मुलांनी इंग्रजी क्रम घोटून घ्यावा, त्यात आम्हांस भय दिसत नाही. जपानमध्ये अनेक वर्षे इंग्रजी शिकविलेल्या हॉर्नबी यांनी १९५४ च्या आपल्या पुस्तकात क्रियापदांचे पंचवीस साचे मांडून दिले. साच्यावर साचा बसेपर्यंत वाक्ये म्हणून घेण्यावाचून गत्यंतर नाही. ‘आय टेंपल गो’ म्हणणाऱ्या मुलाला हसू नये. त्याने आपल्या आईचा क्रम पाळलेला असतो. एक गोष्ट मात्र त्याला मुद्दाम सांगावी. मराठीत ‘नाही’ शेवटी येते, आणि इंग्रजीत ‘नॉट’ मुख्य क्रियापदाच्या आधीच येऊन जाते. इंग्रजी बोलणाऱ्याचे हो की नाही लवकर कळते. मराठी बोलणाऱ्याचे शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घ्यावे लागते. आमच्या सभांतून तेवढे ऐकून घेणारे हल्ली किती उरले आहेत, हा निराळा विषय. वर्गात मास्तरांनी फुटलेल्या पेल्याची हकीकत प्रत्येक मुलाकडून दोन्ही भाषांत, तिन्ही तऱ्हांनी म्हणवून घ्यावी, आणि खरे घडले ते कोणत्या वाक्यात बसते, हे त्याचे त्यालाच निवडू द्यावे.